धोलावीरा : रणातल्या जलनगरीचा मुक्काम

कच्छच्या मोठ्या रणात खडीर नावाचे बेट आहे. त्याच्या चारही बाजूंना पाण्याऐवजी बहुतेक काळ मीठ आणि चिखलाचा सपाट विस्तार असतो. या बेटाच्या वायव्य टोकाशी धोलावीरा हे गाव असून गावाच्या हद्दीतच हडप्पा संस्कृतीतील एका मोठ्या नगराचे अवशेष आहेत. इ.स.पू. ३००० ते इ.स.पू. १५०० या काळात येथे वस्ती होती. २०२१ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्याआधीपासूनच हिवाळ्यात तंबू, झोपण्याच्या पिशव्या आणि शिधा घेऊन येणाऱ्या मित्रमंडळींच्या टोळ्या येथे दिसत. अलीकडे त्यांत मुंबई-नवी मुंबईच्या मंडळींची भर पडली आहे.

नवी मुंबईच्या प्रवाशाला या जागेत खास रस वाटावा असे एक कारण आहे. नवी मुंबई हे आधी कागदावर आखून मग उभारलेले शहर. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेतून आणि १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या आराखड्यातून ते आकाराला आले. धोलावीराही आखूनच बांधलेले आहे. फरक पाण्याचा. नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भरतीच्या वेळी ते पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूरच्या काठावर धारण तलाव ठेवावे लागले. कच्छमध्ये सरासरीने चारशे मिलिमीटरही पाऊस होत नाही आणि कित्येक वर्षे जवळपास कोरडीच जातात. एका शहराची आखणी पाणी बाहेर कसे काढायचे या प्रश्नाभोवती झाली, तर दुसऱ्याची, आलेला थेंब आत कसा धरायचा या प्रश्नाभोवती.

प्रवासाचे मार्ग

नवी मुंबईहून धोलावीरा रस्त्याने साधारण साडेनऊशे किलोमीटर पडते. अहमदाबादपर्यंत राष्ट्रीय महामार्ग, पुढे वीरमगाम-हळवद-माळियामार्गे सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ सुरू होते. सामखियाळीहून रापर, रापरहून बालासर आणि तिथून खडीर असा शेवटचा टप्पा आहे. स्वतःची गाडी घेऊन निघणारे गट बहुधा अहमदाबादला किंवा त्याच्या आसपास एक रात्र काढतात. एका दमात हे अंतर कापण्याचा बेत आखला, तर रापरच्या पुढचा अंधारातला रस्ता थकलेल्या चालकाच्या वाट्याला येतो. या रस्त्यावर गुरे, उंट आणि नीलगायी केव्हाही आडव्या येतात.

रेल्वेचा पर्याय अधिक सोयीचा आहे. मुंबईहून सुटणाऱ्या कच्छ एक्सप्रेस आणि सयाजीनगरी एक्सप्रेस या दोन्ही गाड्या भूजपर्यंत जातात. दुपारी-संध्याकाळी मुंबईतून निघून त्या दुसऱ्या दिवशी सकाळी कच्छमध्ये पोहोचतात. पनवेल-बेलापूरकडची मंडळी हार्बरच्या लोकलने पश्चिम उपनगर गाठतात, ऐरोली-घणसोलीकडची ठाण्यामार्गे जातात, आणि बोरिवलीला गाडी पकडणे अनेकांना बरे पडते. सुटीच्या दिवसांत या गाड्यांची आरक्षणे फार आधी भरतात. मुंबई आणि वाशीच्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या कच्छी कुटुंबांचे गावी जाणे-येणे याच गाड्यांनी होते, त्यामुळे दिवाळीत तर जागा मिळणे मुश्कील.

भूज, गांधीधाम किंवा भचाऊला उतरून पुढे भाड्याची गाडी करावी लागते. भूजहून भचाऊ-रापरमार्गे जाणारा जुना रस्ता दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. खावडामार्गे रणातून थेट खडीरला जाणाऱ्या नव्या रस्त्याने हे अंतर बरेच कमी झाले आहे. या रस्त्यावर काही किलोमीटरपर्यंत दोन्ही बाजूंना पावसाळ्यानंतर पाणी आणि हिवाळ्यात पांढरे मीठ एवढेच दिसते. समाजमाध्यमांतून या पट्ट्याची छायाचित्रे पसरल्यापासून रस्त्यात मध्येच गाड्या थांबवण्याचे प्रमाण वाढले आहे. सरळ रस्ता आणि भरधाव ट्रक पाहता ते धोक्याचे आहे. प्रवासी वाहतुकीच्या बस येथे तुरळक असल्याने सात-आठ जणांच्या गटाने एकच मोठी गाडी दोन-तीन दिवसांसाठी ठरवणे किफायतशीर ठरते.

रण म्हणजे काय

कच्छचे रण राजस्थानच्या थरसारखे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नाही. ते समुद्रसपाटीपासून अगदी थोड्या उंचीवरचे खारे मैदान आहे. पावसाळ्यात एका बाजूने वाऱ्याने लोटलेले समुद्राचे पाणी आणि दुसऱ्या बाजूने नद्यांचे पाणी त्यावर पसरते. पाऊस सरल्यावर पाणी आटत जाते आणि मिठाचा थर मागे राहतो. हा थर वरून घट्ट दिसला, तरी खाली ओला गाळ असतो. माणूस चालला तर बहुतेक ठिकाणी पाय फक्त थोडा रुततो, पण रस्ता सोडून उतरवलेली गाडी चाकाच्या आसापर्यंत खचू शकते. ती बाहेर काढायला ट्रॅक्टर लागतो आणि ट्रॅक्टर गावातून येईपर्यंत अर्धा दिवस जातो.

हडप्पाकाळात रणातील पाण्याची पातळी आजच्यापेक्षा अधिक असावी आणि खडीरपर्यंत होड्या येत असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सिंधच्या बाजूची शहरे, सौराष्ट्राचा किनारा आणि समुद्रापलीकडचे ओमान-मेसोपोटेमिया यांच्या व्यापारी वाटांवर हे बेट मोक्याच्या ठिकाणी होते. एवढ्या कोरड्या जागी एवढे मोठे नगर का वसले, याचे उत्तर या व्यापारात शोधले जाते.

खडीरवर भूशास्त्राचा आणखी जुना ठेवाही आहे. बेटाच्या उत्तर काठावर, पुरातन नगरापासून सुमारे दहा किलोमीटरवर, जुरासिक काळातील झाडांचे अश्मीभूत ओंडके जतन केलेले आहेत. लाकडाचे तंतू आणि सालीच्या रेषा दगडात स्पष्ट दिसतात. याच काठावरून समोरचे रण क्षितिजापर्यंत मोकळे दिसते आणि सूर्यास्त पाहायला लोक इथेच येतात.

शोध आणि उत्खनन

गावकरी या टेकाडाला कोटडा म्हणत. जमिनीवर उघड्या पडलेल्या तटबंदीच्या रेषा आणि खापरे त्यांना ठाऊक होतीच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जगत्पती जोशी यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या स्थळाची नोंद केली. प्रत्यक्ष उत्खनन १९९०च्या सुमारास रवींद्रसिंह बिश्त यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत चालले. बिश्त यांनी वस्तीचे सात टप्पे ठरवले. पहिल्यात तटबंदीची सुरुवात, मधल्या टप्प्यांत नगराचा पूर्ण विस्तार, मग उतरती कळा, काही काळ ओसाडी आणि शेवटी वर्तुळाकार झोपड्यांत राहणाऱ्या साध्या लोकांची वस्ती.

याच काळातील महाराष्ट्रातील दुवा प्रवरेकाठच्या दायमाबादला सापडतो. हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाचा दक्षिणेकडील ठसा तेथील उत्खननात मिळाला. १९७४ साली तेथे हाती लागलेल्या हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ यांच्या जड धातुमूर्ती महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातील सर्वांत प्रसिद्ध वस्तूंपैकी आहेत. त्यांतील काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. धोलावीराला जाण्यापूर्वी त्या पाहिल्या, तर नगर ओसरल्यानंतरच्या काळाचे एक टोक डोळ्यांसमोर राहते.

नगराची रचना

बाहेरची तटबंदी सुमारे ७७१ मीटर लांब आणि ६१७ मीटर रुंद आहे, म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण पाचास चार असे येते. हा योगायोग मानला जात नाही, कारण आतील भागांतही अशीच ठरावीक गुणोत्तरे आढळतात. नगराचे तीन प्रमुख भाग आहेत. उंचावरचा बालेकिल्ला व त्याला लागून असलेला दुसरा तटबंद भाग, त्याच्या उत्तरेला मधले नगर आणि पूर्वेला खालचे नगर. बालेकिल्ला आणि मधले नगर यांच्यामध्ये सुमारे २८३ मीटर लांबीचे मोकळे मैदान आहे. ते समारंभांसाठी, बाजारासाठी किंवा दोन्हींसाठी वापरले जात असावे.

मोहेंजोदडो आणि हडप्पा ही भाजलेल्या विटांची शहरे. धोलावीराला दगड मुबलक होता, म्हणून तटबंदी, दरवाजे, गटारे आणि हौद दगडात बांधले गेले. भिंतींच्या गाभ्यात मात्र कच्च्या विटांचा वापर आहे. बालेकिल्ल्याच्या पूर्व दरवाजात गुळगुळीत घासलेल्या खांबांचे भाग अजून पाहायला मिळतात. त्यांवर हात फिरवण्याचा मोह होतो, पण पहारेकरी तसे करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

उत्तर दरवाजाच्या बाजूच्या खोलीत उत्खननातील सर्वांत गाजलेली वस्तू सापडली. जिप्समच्या पांढऱ्या तुकड्यांतून घडवलेली दहा मोठी चिन्हे तिथे ओळीने पडलेली होती. प्रत्येक चिन्ह साधारण ३७ सेंटिमीटर उंच, पूर्ण ओळ तीन मीटरच्या आसपास. चिन्हे लाकडी फळीवर बसवलेली असावीत, फळी पालथी पडून कुजून गेली आणि चिन्हे जागच्या जागी राहिली. आऱ्यांच्या चाकासारखे एक चिन्ह या ओळीत चार वेळा येते. इतर बहुतेक हडप्पा लेखन अंगठ्याएवढ्या मुद्रांवर आहे. इथे ते दुरून वाचता येईल एवढे मोठे आहे, म्हणून ही फळी दरवाजावर लावलेली असावी असे मानतात. नगरात येणाऱ्याला तिच्यावर काय वाचायला मिळत होते, हे सांगता येत नाही, कारण लिपीचा उलगडा अद्याप झालेला नाही.

पाण्याचे गणित

नगराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत. दोन्ही पावसाळी. पाऊस झाला की काही तास किंवा काही दिवस वाहतात आणि पुन्हा कोरडे पडतात. धोलावीराच्या लोकांनी त्यांवर बांध घालून पाणी नगराकडे वळवले आणि तटाच्या आतून ओळीने खोदलेल्या हौदांत साठवले. जमिनीला ईशान्येकडून नैऋत्येकडे उतार आहे, त्याचा फायदा घेत एक हौद भरला की पाणी पुढच्या हौदात उतरेल अशी मांडणी केली. असे सोळा किंवा त्याहून अधिक हौद असल्याचा अंदाज आहे.

बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा हौद पाहणाऱ्याला थांबवतो. त्याची लांबी सुमारे ७३ मीटर, रुंदी २९ मीटर आणि खोली १० मीटर. साधा गुणाकार केला तर तो काठोकाठ भरल्यावर दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी मावेल. कोपऱ्यातून दगडी पायऱ्या तळापर्यंत उतरतात. पाणी जसजसे खाली जाईल तसतसे माणसाने घागर घेऊन खाली जावे, हा त्यांचा उपयोग. तळाशी एक विहीरही आहे. हौद आटल्यावर शेवटचे पाणी तिच्यातून मिळत असावे. दक्षिणेकडचे काही हौद सरळ कातळात खोदलेले आहेत आणि त्यांच्या बाजूंवर छिन्नीच्या कामाचा अंदाज येतो.

बालेकिल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीही वाया जाऊ दिलेले नाही. जमिनीखालून दगडी गटारांचे जाळे आहे. त्यातील मुख्य गटार माणूस वाकून चालू शकेल एवढे उंच असून वर दगडी लाद्या आहेत. ठिकठिकाणी उभे झरोके ठेवले आहेत, ते पाण्याच्या लोंढ्याबरोबर अडकणाऱ्या हवेला बाहेर पडायला. ही गटारे सांडपाण्याची नाहीत, पावसाच्या पाण्याची आहेत. सांडपाण्यासाठी घरांबाहेर वेगळे खड्डे आणि रांजण होते. खालापूरजवळच्या मोरबे धरणातून नळाने येणारे पाणी गृहीत धरणाऱ्या नवी मुंबईकराला ही व्यवस्था समजून घ्यायला नकाशा हातात धरून, उताराच्या दिशेने एक फेरी मारावी लागते. उलट दिशेने फिरले तर हौद सुटे सुटे दिसतात आणि त्यांचा परस्परसंबंध लक्षात येत नाही.

नगराच्या पश्चिमेला दफनभूमी आहे. तेथील मोठ्या उंचवट्यांपैकी एकाचा आराखडा आरे असलेल्या चाकासारखा निघाला. उत्खनन झालेल्या अनेक दफनांत सांगाडे मिळाले नाहीत, भांडी आणि दागिने मात्र मिळाले. त्यामुळे त्यांपैकी बऱ्याच जागा मृतांच्या स्मरणार्थ असाव्यात असे मानले जाते. स्थळाजवळच्या संग्रहालयात मणी, बांगड्या, वजने, मुद्रा आणि भांडी मांडलेली आहेत. अवशेष पाहण्याआधी तासभर तिथे घालवला, तर नंतरची फेरी अधिक अर्थपूर्ण होते.

मुक्काम

अवशेषांच्या आवारात तंबू ठोकण्यास, शेकोटी पेटवण्यास किंवा रात्री थांबण्यास बंदी आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असून पुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. त्यामुळे मुक्काम गावातल्या घरगुती निवासांत, पर्यटक निवासांत किंवा मालकाच्या परवानगीने एखाद्या शेतात करावा लागतो. गावात भुंगे पद्धतीच्या गोल खोल्याही भाड्याने मिळतात. मातीच्या गोल भिंती आणि वर शाकारलेले निमुळते छप्पर अशी ही घरे २६ जानेवारी २००१च्या भूकंपात मोठ्या प्रमाणावर टिकली, तर चौकोनी दगडी घरे कोसळली. त्या भूकंपाचे केंद्र भचाऊजवळ होते. धोलावीराच्या उत्खननातही प्राचीन भूकंपाच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत.

स्वतःचा तंबू वापरणाऱ्यांनी मिठाच्या थरावर तो न ठोकता बेटाच्या मुरमाड जमिनीवर ठोकावा. ओल्या गाळात खुंट्या धरत नाहीत आणि रात्रीचा वारा तंबूला सहज उचलतो. मुरमाड जमिनीत लोखंडी खुंट्या आणि हातोडी लागते, तंबूबरोबर मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. सगळीकडे वेडी बाभूळ माजलेली आहे. तिचे काटे तंबूच्या तळातून, चपलांच्या टाचांतून आणि कधी टायरमधूनही आरपार जातात. तंबूखाली जाड ताडपत्री आणि पायांत जाड तळाचे बूट ही चैन नव्हे, गरज आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. डिसेंबर-जानेवारीत दुपारी हलका सदरा पुरतो, पण पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो. कर्जत-माथेरानच्या थंडीच्या हिशोबाने आणलेली पांघरुणे येथे अपुरी पडतात. मार्चपासून ऊन तापू लागते आणि एप्रिल-मेमध्ये सावलीविना अवशेष पाहणे अशक्यप्राय होते. पावसाळ्यात रणात पाणी असते आणि कच्चे रस्ते बंद होतात.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर या हिशोबाने रापर किंवा भूजहून भरून घ्यावे. स्वयंपाक आणि भांडी यांचे पाणी वेगळे. गावात बाजरीचा रोटला, खिचडी-कढी, वांग्याचे भरीत, गूळ, तूप आणि ताक असे साधे जेवण सांगून ठेवल्यास मिळते. आयत्या वेळी दहा माणसांचे जेवण मागितले, तर यजमानांची तारांबळ उडते. इंधनासाठी झाडे तोडू नयेत. छोटी गॅसची शेगडी सोबत असावी. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, हे सहलीला निघणाऱ्या गटांनी बॅगा भरतानाच लक्षात घ्यावे. जवळच पाकिस्तानची सीमा असल्याने ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवे. ड्रोन उडवण्यापूर्वी परवानगी लागते आणि सीमावर्ती भागात काही ठिकाणी जाण्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. मोबाईलचे जाळे सर्वत्र मिळेलच असे नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत.

रात्रीचे आकाश हे येथील मुक्कामाचे मोठे आकर्षण. मुंबई-नवी मुंबईचे आकाशनिरीक्षक एरवी वांगणी-नेरळकडे जातात. खडीरवर तेथल्यापेक्षाही काळोख दाट असतो. जानेवारीच्या रात्री कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध सहज ओळखता येतात आणि मध्यरात्रीच्या थोडे आधी दक्षिण क्षितिजावर अगस्ती दिसतो. त्यासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. पांढरे रण चांदण्यात पाहायचे असेल तर पौर्णिमा निवडावी. एकाच फेरीत दोन्ही साधत नाही.

दोन रात्रींची आखणी

दोन रात्रींच्या मुक्कामात पहिल्या दुपारी पोहोचून संग्रहालय, संध्याकाळी जीवाश्मांचा काठ आणि सूर्यास्त, असा दिवस भरतो. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर लगेच अवशेष पाहायला निघावे. तेव्हा तिरप्या उन्हात भिंतींचे थर, पायऱ्यांच्या कडा आणि गटारांच्या रेषा उठून दिसतात. अकरानंतर सगळे एकसारखे पिवळट दिसू लागते. उत्तर दरवाजा, मैदान, मधले नगर, मग पूर्वेचा हौद, बालेकिल्ला, दक्षिणेचे हौद आणि शेवटी पश्चिमेची दफनभूमी हा क्रम पायांना सोपा आहे. तीन-चार तास लागतात. भिंतींवर बसणे, हौदांच्या कडांवरून उड्या मारणे टाळावे. पायाखाली येणारी खापरे, मणी किंवा शंखाचे तुकडे उचलून नेणे हा कायद्याने गुन्हा आहे.

तिसऱ्या दिवशी खावडामार्गे परतताना काळा डुंगर आणि धोरडोचे पांढरे रण जोडून घेता येते. भूजला आयना महल आणि प्राग महल पाहून रात्रीची गाडी पकडता येते. ज्यांना घाई नाही, त्यांनी खडीरवर आणखी एक दिवस काढून मानसर आणि मनहरच्या कोरड्या पात्रांतून चालावे. बांधांच्या जागा आणि नगराकडे वळवलेल्या पाण्याची दिशा तिथून नीट समजते. जास्तीत जास्त काळ पाणी टिकवण्याची ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली. पुढे हवामान अधिक कोरडे होत गेले आणि दूरचा व्यापारही ओसरला, तेव्हा नगर टिकले नाही. या ऱ्हासाची नेमकी कारणे आणि क्रम यांवर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत, परंतु पाणी आणि व्यापार या दोन आधारांपैकी एकही सुटला तर खडीरवर एवढे मोठे शहर राहू शकत नाही, याबद्दल फारसे दुमत नाही.